रामाचा गोट, पंताचा गोट : साताऱ्याच्या नावांमधला ‘गोट’ नेमका कोणता?

साताऱ्यात रामाच्या गोटात राहणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की त्यांच्या भागाच्या नावाचा खरा अर्थ काय. त्यांच्या आजोबांच्या सांगण्याप्रमाणे तेथे पूर्वी रामाच्या देवळाच्या गाईंचा गोठा होता आणि त्यावरून हे नाव पडले. घराच्या एका जुन्या कागदाच्या टंकलिखित नकलेत ‘रामाचा गोठ’ असे लिहिलेले आहे. मोबाइलवरच्या नकाशात नाव रोमन अक्षरांत असल्यामुळे त्यांचा मुलगा ते ‘गोत’ असे वाचतो. यांपैकी बरोबर काय, आणि शहरातल्याच पंताच्या गोटातला ‘गोट’ हाच का, असा त्यांचा प्रश्न आहे.

जुनी मोडी खरेदीखते, वाटणीपत्रे आणि इनामाचे कागद वाचून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि शहरातल्या भागांच्या नावांविषयी जितके प्रश्न मला विचारले जातात त्यांत हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. शब्द ‘गोट’ हाच आहे. त्याचा गाईंशी संबंध नाही, गोतावळ्याशीही नाही. गोट म्हणजे सरदाराचा किंवा पथकाचा तळ, म्हणजे त्याच्या निशाणाखाली त्याची माणसे, घोडी, सामानसुमान आणि राहुट्या जेथे एकत्र उतरत ती जागा. पंताच्या गोटातला गोटही हाच.

याचा पहिला पुरावा शोधायला दप्तरखान्यात जावे लागत नाही, कारण तो आपल्या स्वतःच्या बोलण्यातच आहे. आपण कोठे राहता असे कोणी विचारले तर आपण ‘रामाच्या गोटात’ असे सांगता. मूळ शब्द ‘गोठा’ असता, तर मराठी व्याकरणाप्रमाणे आपल्या तोंडून ‘गोठ्यात’ असेच आले असते. घोडा-घोड्यावर, वाडा-वाड्यात, कोठा-कोठ्यात, तसेच गोठा-गोठ्यात. आकारान्त पुल्लिंगी नामाचे हे सामान्यरूप मराठी माणूस झोपेतही चुकत नाही. भागाच्या नावाचा अर्थ लोक विसरू शकतात, त्याविषयी नवी कथाही रचू शकतात, परंतु विभक्ती लावताना शब्दाचे मूळ रूप बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. साताऱ्यातल्या कोणत्याही आजीबाईंना ‘पंताच्या गोठ्यात’ असे म्हणताना मी आजवर ऐकलेले नाही. त्या ‘पंताच्या गोटात’ असेच म्हणतात. स्थलनामांचा विचार करताना लिहिलेल्या रूपापेक्षा बोललेल्या सामान्यरूपाला मी अधिक वजन देतो, ते यासाठी.

दुसरा पुरावा रोजच्या वर्तमानपत्रात सापडेल. ‘आतल्या गोटातून समजते’, ‘विरोधकांच्या गोटात खळबळ’, ‘अमुक नेते तमुक गोटात दाखल’ हे शब्दप्रयोग आपण रोज वाचतो. येथे गोट म्हणजे गट किंवा पक्ष असे आपण आज समजतो, पण हा अर्थ नंतर आला आहे. मुळात एखादा सरदार आपला तळ उचलून दुसऱ्या सरदाराच्या तळाजवळ जाऊन उतरला, म्हणजे तो त्याच्या गोटात गेला. आणि आतल्या गोटातील बातमी म्हणजे खुद्द सरदाराच्या डेऱ्याभोवतीच्या, बाहेरच्या बाजारबुणग्यांना जाता येत नाही अशा भागातली बातमी. शब्दाचा जुना अर्थ या वाक्प्रचारांत अखंड टिकून राहिला आणि त्याचबरोबर साताऱ्याच्या दोन भागांच्या नावांतही राहिला, फक्त दोन्हीकडचा शब्द एकच आहे हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

मराठी फौज मुक्कामाला उतरत असे तेव्हा काय होत असे, हे डोळ्यांसमोर आणले म्हणजे हा शब्द अधिक स्पष्ट होईल. आघाडीचे बिनीवाले पुढे जाऊन पाणी, चारा आणि मोकळे मैदान पाहून जागा ठरवीत व तेथे निशाण लावीत. मुख्य सरदाराचा डेरा उभा राहिला की त्याला धरून बाजाराची ओळ पडे, आणि इतर सरदार आपापल्या ठरलेल्या बाजूला, आपापले निशाण रोवून आपला गोट करत. म्हणजे संपूर्ण फौजेचा तो तळ, आणि त्या तळाच्या पोटात ज्याचा त्याचा गोट. ‘छावणी’ हा शब्द आपण आज या सगळ्यांसाठी सरसकट वापरतो, पण त्याच्या मुळाशी ‘छावणे’, म्हणजे छप्पर घालणे, शाकारणे हे क्रियापद आहे. पावसाळ्यात मोहिमा थांबत, फौजा एका जागी राहत आणि राहुट्यांच्या जागी गवताची छपरे पडत, ती खरी छावणी. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की ती मोडे. गोट आणि छावणी यांतला हा फरक लक्षात ठेवला पाहिजे, कारण एका शब्दात ‘कोणाचा’ हे महत्त्वाचे आहे आणि दुसऱ्यात ‘किती काळ’ हे. ‘रामाचा’ आणि ‘पंताचा’ अशी षष्ठी विभक्ती या नावांना लागलेली आहे, ती उगीच नाही.

आता असे गोट शहराच्या पोटात कसे आले? शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आले, जानेवारी १७०८ मध्ये त्यांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वसू लागले. १७४९ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले, तोपर्यंतची चार दशके सातारा ही केवळ नावाची राजधानी नव्हती. पेशवे, प्रतिनिधी, सचिव, सेनापती आणि दूरदूरच्या मुलखात मोहिमा करणारे सरदार, सर्वांना महाराजांच्या दर्शनाला, हिशेबाला, वस्त्रे आणि सनदा घ्यायला साताऱ्यास यावे लागे. असा माणूस एकटा येत नसे. त्याच्याबरोबर पागेची घोडी, शिलेदार, कारकून, खिदमतगार, आचारी आणि पाणक्ये असत, आणि दरबारचे काम आठ दिवसांत उरकेल याची खात्री नसे. शहराच्या कडेला त्याने जागा धरली की तेथे पुढच्या खेपेलाही तोच उतरे. राहुटीच्या जागी छप्पर येई, छपराच्या जागी भिंती येत. घोड्यांना नाल मारणारा, दाणा विकणारा वाणी आणि तेली जवळच दुकान थाटत. काही वर्षांनी धनी येवो वा न येवो, वस्ती राहून जाई आणि तिचे नावही. शाहू महाराजांच्या पश्चात कारभाराची सूत्रे पुण्याकडे गेली, साताऱ्याकडची सरदारांची ये-जा ओसरली, परंतु तोपर्यंत गोटाचे घरठाण झालेले होते.

तळावरून गावाला नाव पडण्याचे उदाहरण साताऱ्याला नवे नाही, आणि एक तर अगदी हाताशी आहे. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये अजिंक्यताऱ्याला वेढा घातला तेव्हा त्याने स्वतःचा तळ उत्तरेला, आजच्या करंज्याच्या जागी दिला आणि आपला मुलगा आजमशहा याला पश्चिमेच्या बाजूला बसवले. तो ज्या गावी बसला त्या गावाला तेव्हापासून शहापूर हे नाव मिळाले, असे ग्रँट डफ याने नमूद केले आहे. १८१८ पासून काही वर्षे तो साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे वेढ्यापासून सव्वाशे वर्षांच्या आत त्याने ही माहिती जागेवर ऐकलेली आहे. एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला, त्याचे नाव आजमतारा ठेवले गेले, पुढे मराठ्यांनी किल्ला परत घेतला आणि आजमतारा हे नाव पुसले गेले. पण शहापूर पुसले गेले नाही. शहरातल्या कितीतरी घरांत आज शहापूर योजनेचे पाणी येते, आणि नळ सोडताना त्या ‘शहा’ची आठवण कोणालाही होत नाही. विजयाने दिलेले नाव पराभवाबरोबर गेले आणि वस्तीला चिकटलेले नाव राहिले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

गोठ्याच्या कथेकडे पुन्हा वळतो, कारण आजोबांनी सांगितलेली गोष्ट नुसती नाकारणे बरे नव्हे. तिला उत्तर दिले पाहिजे. समजा, त्या जागी खरोखरच मोठ्या प्रमाणावर जनावरे बांधली जात होती. तरीही मराठेशाहीच्या शब्दसंग्रहात त्या जागेला ‘गोठा’ म्हटले गेले असते का? राजाच्या किंवा सरदाराच्या घरच्या प्रत्येक जनावराच्या जागेला तेव्हा स्वतंत्र नाव होते. घोड्यांची पागा, हत्तींचा पीलखाना, उंटांचा उष्टरखाना, आणि गाईंची थट्टी. सरकारी गोठ्याचा शब्द ‘थट्टी’ असा होता, आणि अशा गोठ्यावरून वस्तीला नाव पडले असते तर ते थट्टीवरून पडण्याचा संभव अधिक. खासगी घराच्या मागे दोन म्हशी बांधण्याची जागा म्हणजे गोठा. तिच्यावरून सबंध भागाला नाव पडणे अवघड, कारण त्या काळी असा गोठा जवळजवळ प्रत्येक वाड्याला होता, आणि जे सर्वत्र असते त्यावरून एखादी जागा ओळखता येत नाही.

‘गोत’ या वाचनाचा निकाल त्याहून लवकर लागतो. गोत हा शब्द गोत्रापासून आला. भाऊबंद, सगेसोयरे असा त्याचा अर्थ, आणि वतनाचे तंटे सोडवणाऱ्या सभेला गोतसभा म्हणत. शब्द जुना आणि मानाचा आहे, परंतु रामाच्या गोटाशी त्याची गाठ केवळ रोमन लिपीने घातलेली आहे, कारण त्या लिपीत ‘ट’ आणि ‘त’ यांना एकच अक्षर आहे. आपल्या मुलाला त्यात दोष देऊ नये. नकाशावरून नाव शिकणाऱ्या कोणाही मुलाचे असेच होईल.

यावर भाषेचे अभ्यासू वाचक एक आक्षेप घेऊ शकतील, आणि तो रास्त आहे. गोठा हा शब्द संस्कृत ‘गोष्ठ’पासून आला. संस्कृतातला ‘ष्ठ’ मराठीत बहुधा ‘ठ’ होऊन येतो, जसे ओष्ठाचा ओठ, पृष्ठाची पाठ, काष्ठाची काठी, अंगुष्ठाचा अंगठा. पण श्रेष्ठीपासून ‘शेटे’ झाले, म्हणजे क्वचित महाप्राण, म्हणजे ‘ठ’मधला हकार, गळूनही पडतो. मग गोष्ठापासूनच ‘गोट’ झाला नसेल कशावरून? गोष्ठ या शब्दाला संस्कृतात जमण्याची जागा असाही अर्थ आहे. माझे म्हणणे असे की शब्दाची व्युत्पत्ती आणि नावाची उत्पत्ती हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि स्थलनामांविषयीचा निम्मा घोळ या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी गोठा आणि गोट एका मुळापासून फुटले असोत वा नसोत, ज्या लोकांनी साताऱ्यात या जागांना नाव दिले त्यांच्या बोलण्यात हे दोन निरनिराळे शब्द होते. बखरींत आणि पत्रव्यवहारात ‘अमक्याच्या गोटात गेले’, ‘गोटातून स्वार निघाले’ अशा स्वरूपाची वाक्ये पदोपदी आढळतात आणि त्यांत गाय कोठेच नसते. नाव देणाऱ्याच्या मनात शब्दाचा जो अर्थ होता तोच नावाचा अर्थ. त्याच्या मागे कितीही खोल गेलो तरी आपल्याला शब्दाचा इतिहास मिळेल, जागेचा मिळणार नाही. (मनगटातले सोन्याचे गोट आणि वस्त्राच्या काठाला लावलेला गोट हेही शब्द ऐकायला असेच आहेत, परंतु त्यांनी वस्तीची नावे होत नाहीत.)

आता राम आणि पंत. ‘पंत’ हा शब्द त्या काळी कारकुनांच्या नावांनाही आदराने लावला जाई. पण तो पदाचाही शब्द होता. पंतप्रतिनिधी, पंतअमात्य, पंतसचिव, पंतप्रधान अशी दरबारातली पदे होती, आणि पुढे या घराण्यांची स्थाने औंध, बावडा, भोर, पुणे अशी वेगवेगळी झाली. साताऱ्याच्या बोलण्यात नुसते ‘पंत’ म्हटले की ऐकणाऱ्याला कोण ते तेव्हा विचारावे लागत नसे, म्हणून नाव तेवढ्यावरच थांबले. आज त्यापुढे आपल्या पसंतीचे घराणे जोडणे हे कागदाचा आधार मिळेपर्यंत टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रामाविषयीही हेच सांगेन. गोट माणसाचा असतो, आणि त्या काळच्या कागदांत माणसांची नावे पुष्कळदा कोणतेही आदरार्थी बिरुद न लावता येतात. दुसरीकडे, देवाच्या नावालाही आपण ‘चा’ जोडतो, जसा मारुतीचा पार. शेजारी रामाचे देऊळ दाखवून कोणी निकाल देऊ लागले तर एवढेच विचारावे की देवळावरून भागाला नाव पडले की भागाच्या नावामुळे पुढे कोणी तेथे राम बसवला. दोन्ही प्रकार गावोगाव घडलेले आहेत, आणि देऊळ केव्हा बांधले हे कळल्याशिवाय त्याची साक्ष धरता येत नाही.

शहरातल्या बाकीच्या नावांशी ताडून पाहिले तर गोटाचे वेगळेपण आणखी उठून दिसते. प्रत्येक नावाच्या शेवटच्या शब्दात वस्ती कशी झाली हे नोंदलेले आहे. पेठ ही बाजारासाठी मुद्दाम वसवली जाई. वसवणाऱ्याला शेटेपणाचे वा महाजनकीचे वतन आणि नव्याने येणाऱ्या उदम्यांना काही वर्षे करांत सूट देणारा कौल मिळे. पुरा, जसा चिमणपुरा किंवा व्यंकटपुरा, हा कोणाच्या तरी नावाने वसलेला भाग. गंज हा फारसी शब्द धान्याच्या बाजाराचा, आणि प्रतापगंज या नावात प्रतापसिंह महाराजांची, म्हणजे १८०८ ते १८३९ या त्यांच्या कारकिर्दीची आठवण आहे. माची पेठ किल्ल्याच्या पायथ्याशी आहे आणि तिच्या नावातली माची हा गडाच्या परिभाषेतला, बालेकिल्ल्याखालच्या सपाट भागाचा शब्द आहे. सदर बझार हा इंग्रजी कॅम्पाबरोबर आलेला, लष्कराच्या मुख्य बाजाराचा शब्द. म्हणजे एका अर्थी तोही गोटाचाच शंभर वर्षांनंतरचा, निराळ्या फौजेचा भाऊ. यादोगोपाळ पेठेविषयीही अनेकदा गैरसमज होतो. कोणी त्यात यादवकुळातला गोपाळकृष्ण पाहतात. पण नारो शंकर, परशुराम त्र्यंबक यांप्रमाणेच यादो हे स्वतःचे नाव आणि गोपाळ हे वडिलांचे, अशी ती जोडी आहे. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नसत, सगळी ओळ एका रेघेवर चालत असे, म्हणून दोन नावे मिळून एक झाली.

मोडीचा विषय निघाला आहे तर नकलेतल्या ‘गोठ’ या रूपाविषयीही सांगतो. असाच एक कागद एका कुटुंबाने काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आणला होता. मूळ खरेदीखत जाड, पिवळसर कागदावर बोरूने लिहिलेले, घड्यांवर फाटलेले आणि मागून पातळ कापड डकवून जोडलेले होते. बरोबर त्याची टंकलिखित देवनागरी नक्कल होती, आणि नकलेत तीन ठिकाणी ‘गोठ’ असे होते. मुळातली नेमकी जागा शाईच्या डागाखाली गेलेली होती, ‘गो’नंतरचे अक्षर ओळखण्यापलीकडे गेले होते. नक्कल करणाऱ्याने तेथे आपल्या ओळखीचा शब्द भरला आणि पुढे सगळीकडे तोच चालवला. मी चतुःसीमेच्या, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे हे सांगणाऱ्या, ओळी पाहिल्या. तेथे शाई स्वच्छ होती आणि दक्षिणेच्या बाजूचा रस्ता सांगताना लिहिणाऱ्याने ‘गोटांत जावयाचा’ असे लिहिले होते. ‘ट’ सुस्पष्ट, सामान्यरूपही ‘गोटांत’. कुटुंबातल्या वयोवृद्ध काकूंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, “मग आम्ही म्हणतो तेच बरोबर की.” त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे होते.

म्हणून आपल्यालाही माझी विनंती आहे की घरात मूळ मोडी कागद असेल तर नकलेवर न थांबता तोच बाहेर काढावा. त्यात प्रथम मिळकतीचे वर्णन न पाहता चतुःसीमा पाहावी, कारण वर्णनाची वाक्ये ठराविक साच्यातली असतात आणि चतुःसीमा लिहिणारा मात्र प्रत्यक्ष जागेवर बोलला जाणारा शब्द लिहीत असतो. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस या चार शब्दांनंतर कोणाकोणाची नावे येतात तीही उतरून ठेवावीत, कारण गोट कोणाचा हे कळायचे असेल तर ते शेजाऱ्यांच्या नावांतूनच कळेल. शेजारी एखादी पागेची पडीक जागा किंवा अमक्याच्या वाड्याची भिंत सांगितलेली असेल तर ती ओळ फार मोलाची समजावी. कागद सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात त्याचे छायाचित्र घ्यावे, घडीवर घडी घालू नये, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. आणि नव्या घराच्या दारावर पत्ता कोरून घेणार असाल, तर तेथे ‘रामाचा गोट’ असेच कोरून घ्यावे.